ज्याची वही त्याच्याकडे

फरीदाबादला जानेवारीत ऊन पडतं ते अकरानंतर, आणि पडलं की अख्खी गल्ली गच्चीवर. मीही लॅपटॉप घेऊन जाते. ऑफिस घरूनच, त्यामुळे कॅमेरा बंद ठेवला की मीटिंगमध्ये संत्रं सोलता येतं. त्या उन्हात थोडा वेळ बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं होतं. धुकं पुरतं विरलेलं नसतं, मेट्रोचा पूल अर्धाच दिसतो, आणि गाडी नुसती हवेतून गेल्यासारखी वाटते. अशाच एका दुपारी मला ती वही सुचली. झोपेत सुचली म्हटलंत तरी चालेल; माझ्या मॅनेजरचं तेच मत होतं.

आमच्या सेक्टरात मराठी घरं अकरा. दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलांत महाराष्ट्रातून पेशंट येतात, महिना महिना राहतात. सोबतच्या माणसाला राजमा-चावल दोन दिवस गोड लागतो, तिसऱ्या दिवशी मऊ भात आठवून डोळ्यांत पाणी येतं. अशांना डबा पाठवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. ती सुरू केली काकूंनी. माझ्या सख्ख्या काकू नव्हेत, दोन घरं सोडून राहतात. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आल्या, आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. कोणाचा वार कोणता, कोणत्या वॉर्डात कोण आहे, सकाळच्या मेट्रोने दिल्लीला कोण जातं आणि डबा कोणाच्या हाती द्यायचा, सगळं काकूंच्या डोक्यात. लिहून काही नाही.

दिवाळीपासून मात्र काकू एकच गोष्ट दोनदा विचारू लागल्या. त्यांच्याकडच्या चहात साखर दोनदा पडू लागली. आम्ही तो चहा प्यायचो आणि कोणी काही बोलायचं नाही.

म्हणून वही, म्हणजे फोनवरचं एक ॲप. मॅनेजरला सहज सांगितलं, तर तो म्हणाला, ब्लॉकचेनवर टाक यार, भारी दिसेल. त्याचं नेहमीचंच, उचलली जीभ, लावली टाळ्याला. ब्लॉकचेन म्हणजे एकच भली थोरली वही, आणि तिची नक्कल प्रत्येकाच्या घरी. एक ओळ वाढवायची तर सगळ्यांच्या वह्यांत तीच ओळ, त्याच जागी पडली पाहिजे; तेवढं एकमत होईपर्यंत थांबा. अकरा घरांच्या वरणभातासाठी एवढा सोहळा कशाला? माझ्या पद्धतीत ज्याची वही त्याच्याकडे, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. आपल्या वहीत आपणच लिहायचं. ओळीखाली आपली सही आपोआप पडते, लिहिलेलं पुसता येत नाही, आणि तिची नक्कल तीन-चार शेजाऱ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसते. कोणी नियम सोडून लिहिलं, तर शेजारचे फोन ती ओळ घेतच नाहीत. मध्ये सर्व्हर नाही, मालक नाही, मीसुद्धा नाही. याला एजंट-सेंट्रिक म्हणतात, असं मी काकूंना सांगितलं, तर त्यांना वाटलं मी विमा विकायला लागले.

खरं सांगू? त्या दिवसांत मी जरा हवेतच होते. वाटायचं, हे अकरा फोन फ्रिजवर, उशीजवळ, पोळपाटाशेजारी पडल्या पडल्या एकमेकांशी हळूच बोलतायत. तुझ्याकडे गुरुवार आहे का? आहे. माझा शनिवार ठेवशील? ठेवते. माणसं आपापल्या कामात, आणि त्यांचे शब्द शेजारपाजारी जपून ठेवलेले. अजूनही ते आठवलं की छान वाटतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आमच्या रिवाजाप्रमाणे घोळ घातला. फोन प्रत्येकीच्या हातात, पण लिहायचं काकूंना न विचारता कसं? म्हणून प्रत्येकीने काकूंना फोन करून सांगितलं, काकू, माझा वार पण तुम्हीच टाका ना, बरं दिसतं. आणि काकूंनी आपल्या वहीत सगळ्यांचे वार लिहिले. म्हणजे मी एवढा खटाटोप करून पुन्हा सगळं काकूंच्याच डोक्यावर. मी कपाळावर हात मारला, मग घरोघर जाऊन प्रत्येकीच्या हाताने लिहून घेतलं. काकूंच्या वाट्याला मंगळवार राहिला. त्या जळगावच्या एका बाईंना डबा द्यायच्या. त्यांचा नवरा दिल्लीला ऑपरेशनसाठी ॲडमिट होता. दर मंगळवारी काकू सकाळी सातलाच लिहायच्या, ‘डबा पोचवला’, आणि स्वतःवर खूश व्हायच्या.

एका मंगळवारी आठ वाजले तरी त्यांची ओळ आली नाही. आठपर्यंत ओळ आली नाही की शेजाऱ्यांचे फोन वाजतात, तसे चार घरांत वाजले. समोरच्या वहिनींनी काकूंच्या खिडकीतून पाहिलं. काकू शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या. वहिनी तशाच मागे फिरल्या. त्यांनी नवऱ्याचा भरलेला डबा उचलून मेट्रोने जाणाऱ्याच्या हाती दिला, आणि नवऱ्याने त्या दिवशी ऑफिसबाहेर छोले-कुलचे खाल्ले. जळगावच्या बाई वेळेवर जेवल्या. डब्याचं काम झालं.

पण वहीत ‘मंगळवार माझा’ हा काकूंचा शब्द होता आणि त्यापुढे काही नव्हतं. काकू रोज संध्याकाळी आपली वही वाचतात. वाचली की त्यांना कळणार, आपण विसरलो. चहातल्या साखरेबद्दल आम्ही जे त्यांच्यापासून लपवलं होतं, ते वही त्यांच्या तोंडावर सांगणार. वहिनी धावत माझ्याकडे आल्या. त्यांनी स्वतःच्या वहीतही काही लिहिलं नव्हतं, तेवढ्यासाठीच. मी काकूंच्या नावाने ‘पोचवला’ लिहून टाकावं, मागच्या दाराने काहीतरी करावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मागचं दार मी ठेवलंच नव्हतं. कोणी कोणाच्या वहीत लिहू शकत नाही, हे मी दहा जणांना छाती फुगवून सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकच वाट होती, काकूंच्याच फोनवरून लिहायचं. पिन काही गुपित नव्हता. कव्हरच्या मागे चिठ्ठीवर लिहिलेला, अख्ख्या गल्लीला पाठ.

दुपारी मी त्यांच्या गच्चीवर गेले. काकू खाटेवर उन्हात झोपल्या होत्या, तोंडावर पदर. शेजारी मटाराच्या सालांची परडी, फोन उशाशी. वर दोन पतंग जिथल्या तिथे उभे होते. सगळं इतकं गप्प होतं, की आपण करतोय ते खरं नाहीच, असं वाटत होतं. मी फोन उचलला, पिन टाकला, वही उघडली आणि लिहिलं, ‘डबा पोचवला’. फक्त पाठवायचं बटण राहिलं होतं. मला स्वतःचा राग येत होता, त्या वहीचाही, आणि काकूंचा तर भयंकर कळवळा.

“काय लिहितेस गं?”

पदराखालून काकू बघत होत्या. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. सगळं सांगितलं. त्या उठून बसल्या.

“आज मंगळवार आहे?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग म्हणाल्या, “मला माहीत आहे, मला काय होतंय ते. तुम्ही सगळ्या गोड चहा पिता ना, तेव्हापासून माहीत आहे.”

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, मी लिहिलेलं एकेक अक्षर खोडलं. “एक ओळ खोटी लिहिलीस, तर माझ्या आधीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवणार? मी तरी ठेवीन का?”

मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं. ‘मंगळवार. विसरले. डबा समोरच्या सूनबाईने दिला.’ थोडं थांबून पुढे लिहिलं, ‘माझी ओळ दिसली नाही तर मी विसरले समजा. डबा करा. आणि मला सांगा.’

त्यांनी बटण दाबलं. माझ्या खिशातला फोन वाजला. त्यांच्या शेजाऱ्यांत मीही होते. त्यांच्यासमोर बसूनच मी ते वाचलं आणि रडू आवरलं नाही. काकूंनी मला रडू दिलं.

“हे आता पुसता येणार नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, काकू. तुम्हालाही नाही.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “उद्या मी म्हणेन, असं काही मी लिहिलंच नाही. तेव्हा दाखव मला.”