काकांची पाठ यादी

मी “चाबी” म्हटलं आणि पुढचे चार शब्द विनायककाकांनीच म्हणून टाकले. पेड़, आईना, साइकिल, दूध. मग हसून तेच उलट्या क्रमाने म्हटले. मीही हसले. तिथेच थांबायला हवं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ. आमच्या प्रोजेक्टमध्ये ग्वाल्हेरच्या सत्तरीपुढच्या लोकांची दरवर्षी तपासणी होई. रक्त, मुठीची ताकद, चालण्याचा वेग. यांना बायोमार्कर म्हणतात, म्हणजे शरीराचं खरं वय सांगणाऱ्या खुणा. सोबत स्मरणाची चाचणी: पाच शब्द ऐकवायचे, मध्ये दुसरं काम द्यायचं, मग ते परत विचारायचे.

काका दाना ओली या जुन्या मोहल्ल्यात राहत, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मभर भिक्षुकी केलेली. काकूंना नीट दिसत नसे, म्हणून त्यांचं इन्सुलिन काकाच टोचत. पुण्याहून त्यांच्या मुलीचा, नीताचा, फोन आला होता: “ताई, बाबांवर सोडू ना? की नर्स ठेवू?”

काकू त्या दिवशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, “यादी पाठ आहे हो यांना. भाजीत मीठ मात्र दोनदा पडतं.”

फॉर्मवर मिठासाठी रकाना नव्हता.

शब्दांची दुसरी यादी आमच्या कपाटात होती. मी प्रोजेक्टच्या प्रमुख सरांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, लिस्ट बदली तो पिछले साल से कंपेअर कैसे करेंगे?” मी वाद घातला नाही. काकांचं रक्त चांगलं, मूठ घट्ट, चाल झपझप. स्मरणाला पाचपैकी पाच. नीताला कळवलं, नर्स नको.

लहानपणापासून पाठांतरावर वाढलेल्या माणसाला एकदा ऐकलेली यादी वर्षभर राहते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. भिक्षुकाच्याच घरात वाढले मी. ती चाचणी त्यांनी गेल्या वर्षी काय ऐकलं होतं ते मोजत होती. आज सकाळचं मोजत नव्हती.

दीड महिन्याने काकू गेल्या. साखर फार खाली गेली होती. कचऱ्याच्या टोपलीत त्या सकाळच्या दोन सिरिंज सापडल्या. सिरिंजांचं आम्ही काकांना सांगितलं नाही.

काकूंचे दिवस झाल्यावर नीताने मला दुसरी यादी घेऊन बसायला लावलं. शब्द वाचले. काकांनी ते लक्ष देऊन ऐकले. पाच मिनिटांनी विचारलं. माझी अडचण होऊ नये म्हणून असेल, ते हळू आवाजात म्हणाले, “चाबी, पेड़, आईना, साइकिल, दूध.”

मी शून्य लिहिलं.

आता मी दर वेळी यादी बदलते. आणि घरातलं माणूस हसत हसत जे सांगतं, ते रकाना नसला तरी समासात लिहून ठेवते.