बेचाळीस दिवसांची राय

मुरलीधरांजवळ कृषी विषयाची पदवी होती. तरीही आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका बियाणे-कंपनीने त्यांना गोदामात पोती मोजायला बसवले होते. या अन्यायाविरुद्ध तीन वर्षांत त्यांनी सतरा अर्ज दिले. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात व्यवस्थापक खैरुद्दीन वैतागले.

"मुरलीभाई, ये राय बर्फ के मुल्क का अनाज है. मार्च तक यहाँ एक बाली दिखा दो. गोदाम खलास, कन्सल्टंट बना दूँगा!"

राय गव्हाच्याच कुळातली. तिच्या हिवाळी वाणांना कोवळेपणी सहा आठवडे थंडी सोसल्याखेरीज कणीस येत नाही. मुरलीधरांनी मूठभर बियाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधले आणि अल कुसैसच्या खोलीतल्या, सहा जणांच्या सामायिक फ्रीजमध्ये आपल्या कप्प्यात ठेवले. वर तारखेसह सूचना चिकटवली: 'प्रयोग चालू. बेचाळीस दिवस स्पर्श करू नये.'

त्रेचाळिसाव्या दिवशी, शुक्रवारी, ते पेरणीसाठी कुंड्या घेऊन परतले, तो खोलीत फोडणीचा घमघमाट. सुट्टीच्या दिवशी सर्वांसाठी रांधणारा राजापूरचा गणू पातेल्यात डाव फिरवत होता.

"काका, बसा. उसळ जरा चिवट झालीय."

"कसली उसळ?"

"तुमच्याच फडक्यातली. मोड काय झक्क आले होते!"

"सूचना वाचली नाहीस?"

"वाचली की! बेचाळीस दिवस कालच संपले. म्हटलं, काका विसरले."

या युक्तिवादात खोट काढता येईना, याचेच मुरलीधरांना अधिक दुःख झाले. त्यांनी अबोला धरला.

फडके धुताना गणूला शिवणीत अडकलेले अकरा दाणे सापडले. ते त्याने गॅलरीत तुपाच्या रिकाम्या डब्यात पेरले. मुरलीधर तिकडे ढुंकूनही पाहत नसत. मात्र पाणी फार घातले जाते, अशी तक्रार भिंतीकडे तोंड करून रोज करीत.

मार्चमध्ये तीन कणसे निसवली. डबा मांडीवर घेऊन दोघे हमरियाला खैरुद्दीनांकडे गेले.

"माशाल्ला! किसने उगाया?"

पदवी मुरलीधरांच्या ओठांवर आली होती. गणू आपल्या बुटांकडे पाहत होता.

"ठंड मैंने दी," ते मोठ्या कष्टाने म्हणाले, "बोया इसने."

नेमणूकपत्र आले. त्यात 'सल्लागार' या शब्दाआधी 'सहायक' असे लिहिलेले पाहून मुरलीधरांनी अठरावा अर्ज लिहायला घेतला. पुढच्या ऑक्टोबरात फ्रीजवर नवी सूचना झळकली: 'बेचाळीस दिवसांनंतरही स्पर्श करू नये.'