बाईंना जमेल तेच लिनक्स

दर्पण कॉलनीतले माझे शेजारी जानव्याला किल्लीसोबत पेनड्राइव्ह बांधतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "शर्ट रोज बदलतो, जानवं थोडीच बदलतं!"

कॉलनीजवळची दोन वाचनालयं एक होणार होती. वाचनालयं सांभाळणाऱ्या साहेबांचं फर्मान निघालं, ज्या ग्रंथपालाला कॉम्प्युटर येत नाही त्याने घरी बसावं. अरे वा! आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना दिलेला कॉम्प्युटरचा डबा इतका जुना की नवी विंडोज त्याला पेलेना, आणि नापास कोण, तर बाई! मी निषेधाचं पत्रक काढायला निघालो. शेजाऱ्यांनी जानव्यातून पेनड्राइव्ह सोडवला आणि विंडोजच्या जागी एक हलकं, फुकटचं लिनक्स चढवलं. डबा पळायला लागला.

"बस, हेच ठेवा," मी म्हणालो.

"रुक तो, नेताजी. आधी बाईंना बसू दे," शेजारी म्हणाले.

बाईंनी सवयीने माउस खाली डाव्या कोपऱ्यात, विंडोजचं स्टार्ट बटण असायचं तिथे नेला. तिथे काहीच नव्हतं. त्या ओशाळल्या. शेजाऱ्यांनी ते लिनक्स पुसलं आणि दुसरं लिनक्स चढवलं, जरा सुस्त, पण त्या कोपऱ्यात बटण असलेलं.

साहेब आले तेव्हा बाईंनी पुस्तकांची यादी सरळ उघडून दाखवली.

"अरे, मैडम को तो आता है!"

"जी, शुरू से," बाई ठसक्यात म्हणाल्या.

शेजारी गंभीर चेहऱ्याने पंख्याकडे बघत होते.