वाळक्याला जोडीदारीण मिळाली

माझ्या गोष्टींतला उडणारा वाळक्या कुठून आला, असं कुणी विचारलं की मी "सुचला" म्हणून मोकळा होतो. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे ते खपतंही. वाळक्या मला सुचला हे खरं आहे. त्याला जोडीदारीण कशी मिळाली, ते मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात मी किनाऱ्यावरच्या झाई गावात सातवीच्या वर्गावर शिक्षक होतो. राहायला सरावलीला, जाऊनयेऊन एसटीनं. बोंबलाचा हंगाम लागला की दुपारनंतर निम्मा वर्ग किनाऱ्यावर जाई. तिथे बोंबील सुकवायला बांबूच्या उंच वलांडी उभ्या असतात, त्यांवर आडव्या दोऱ्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही, दातच एकमेकांना धरून ठेवतात. या कामात मुलांचे हात भराभर चालत. मला ती मुलं वर्गात हवी होती. म्हणून शेवटच्या तासाला मी त्यांच्यात एक सुपरहिरो सोडला: वाळक्या बोंबील.

ओला असताना वाळक्या इतका लुळा, की बाकावर बसवला तर खाली ओघळायचा. पण दिवसभर उन्हात टांगला की काठीसारखा ताठ, पिसासारखा हलका, आणि झुळूक आली की थेट आभाळात. त्याचा शत्रू हॉर्नखाऊ. हायवेवर अच्छाडच्या नाक्यावर खोळंबलेल्या ट्रकांचे हॉर्न हा उपटून खायचा, आणि त्यानं ढेकर दिला की पोटातले सगळे हॉर्न एकदम वाजायचे. मग वाळक्या त्याच्या नाकात शिरून शेपटीनं गुदगुल्या करायचा. मुलं बाकांवर चढायची. मीही चढायचो. जन्मभर हळू आवाजात बोललेला माणूस मी, पण त्या तासाला शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन आमचं दार वाजवायच्या.

पहिल्या बाकावरची एक मुलगी मला सारखी अडवायची. तिची आई किनाऱ्यावर बोंबील सुकवायची, त्यामुळे तिचा या विषयातला अधिकार मोठा. "सर, भिजल्यावर त्याला घरी कोण नेतं? रिक्षा?" "सर, इतका सुका बोंबील समोर असून हॉर्नखाऊ हॉर्न कशाला खातो?" तिच्या प्रश्नांतूनच पुढचा भाग निघायचा.

एका शुक्रवारी मी रंगात येऊन सांगितलं, की हॉर्नखाऊनं वाळक्याच्या सगळ्या भावांना वलांडीवर कैद केलंय. जबड्यांची कुलपं कुणी सोडवली, तर अख्खी फौज उडत अच्छाडवर जाईल. घंटा झाली. मुलं आरडाओरडा करत पळाली. मी खुशीत बस पकडली.

सोमवारी कळलं. मुलं थेट किनाऱ्यावर गेली आणि हाताला लागतील तेवढ्या जोड्या त्यांनी सोडवल्या. एवढी मोठी मुलं, गोष्ट खरी नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण उडालेच तर? बोंबील उडाले नाहीत, वाळूत पडले. मग कावळे आले, कुत्री आली. घरोघर मार बसला. हे डोक्यात कुणी घातलं, असं विचारल्यावर ती मुलगी म्हणाली, "खेळ माझा होता." आईनं तिची शाळा बंद केली.

"पोरगी हुशार, पण वांड," हेडमास्तर म्हणाले. मी चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग तासाला निघून गेलो.

वर्ग रोज विचारायचा, "सर, पुढे?" पहिला बाक रिकामा, आणि पुढचं काही केल्या येईना. असा आठवडा गेला. शेवटी एका दुपारी मी किनाऱ्यावर गेलो. मायलेकी वलांडीपाशीच होत्या.

"पोर नाय येणार, मास्तर," आई म्हणाली. "तिला लय खेळ सुचतात."

"खेळ तिचा नव्हता. माझा होता."

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय. तुमचा वाळक्या रोज आमच्या जेवनाला असतो."

"आमी त्याला आयकतो पन, आनि खातो पन," शेजारची म्हातारी म्हणाली. बायका हसल्या.

"मग मला आधीच का नाही विचारलंत?"

"पोरगी बोलली नाय, तुमीबी बोलला नाय. म्हटलं बगू, कोनाचं तोंड आधी उघडतं." तिनं एक बोंबील माझ्या हातात दिला. "टाका दोरीवर."

मी टाकला. तो घसरून माझ्या चपलेवर पडला.

"बगा. आनि तुमी वाळक्याला एकट्यालाच आभाळात धाडता. वरती धरायला दुसरा नको?"

मी वाकलो होतो तसाच राहिलो. इतके दिवस अडलेली गोष्ट या बाईनं हात न थांबवता पुढे सरकवली होती.

"उद्या धाडते तिला," आई म्हणाली. "पन तिनं अंगावर घेतलंय ते तुमी काढा. सगळ्यांपुढं."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी हेडमास्तरांना मुद्दाम बोलावलं. ते दारात उभे राहिले आणि माझा धीर सुटला. मी बाकावर चढून गोष्टच सुरू केली: एका मास्तराचा आवाज हॉर्नखाऊनं गिळला, म्हणून त्याला खरं बोलताच येईना. वर्ग खदखदून हसला. ती मुलगी हसली नाही.

"सर, हे गोष्टीत नको," ती म्हणाली.

मग मी बाकावरून खाली उतरलो. जोड्या सोडवायचं मी सुचवलं होतं, तिनं नाही, हे सांगितलं. तिनं माझं नाव घेतलं नाही आणि मी तिला एकटीला बोलणी खाऊ दिली, हेही सांगितलं. हेडमास्तरांकडे बघून पुन्हा सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हणालो, "चुकलो."

"बरं. आता पुढे मी सांगू?"

तिच्या गोष्टीत वाळक्याला आता एक जोडीदारीण होती, त्याच्याहून ताठ. दोघांचे जबडे एकमेकांत अडकलेले, त्यामुळे उडायचं तर जोडीनंच. आणि वर गेल्यावर भांडण, डावीकडे की उजवीकडे. तिनं दोन बोटं तोंडात घालून ते भांडण करून दाखवलं. एक अक्षर कळत नव्हतं. मुलं बाकांवर चढली, मीही चढलो.

"अगं, पण तोंडं अडकलेली," हेडमास्तर दारातून म्हणाले, "मग हॉर्नखाऊला ती ललकारतात कशी?"

"ते कळायला आत येऊन बसावं लागेल, सर," ती म्हणाली आणि पहिल्या बाकावर सरकून तिनं जागा केली.