आबांची रीतसर नोटीस

मालकाला घाबरणारे भाडेकरू मी खान्देशात पुष्कळ पाहिले, पण भाडेकरूला घाबरवायचं म्हटलं की स्वतःलाच घाम फुटणारा मालक एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी सहा वर्षं राहिलो. जळगावच्या मेहरूण भागातल्या त्या दुमजली घरात वर आबा आणि त्यांच्या पत्नी अक्का राहत, त्यांच्या शेजारच्या खोलीत मी, आणि खाली दोन खोल्यांत प्रमोद, त्याची बायको आणि आई. आबा कोर्टात बेलीफ होते, आधी धुळ्याला आणि मग जळगावला. लोकांना समन्स पोचवायचं आणि हुकूम निघाला की घराचा ताबा घेऊन द्यायचा, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोर्ट सोडलं, पण कोर्टानं काही त्यांना सोडलं नाही. मला खोली देताना त्यांनी सगळा करार पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मी आपला मान डोलावत होतो. ते थांबले आणि म्हणाले, "मान हलवू नका, तोंडानं हो म्हणा. मान कुणीही हलवतं." अक्कांनी भरीत कसं झालंय म्हणून विचारलं, तर "मीठ किंचित कमी, बाकी तक्रार नाही," असं निकाल दिल्यासारखं सांगत. एकदा शेजाऱ्यांच्या शेळीनं अंगणातला कढीपत्ता फस्त केला, तेव्हा आबांनी जागेवर पंचनामा केला. त्यात लिहिलं होतं, 'शेळी एक, रंग तांबडा, घटनास्थळीच रवंथ करीत असलेली आढळली.' पंच म्हणून खाली माझी सही आहे. शेजाऱ्यांनीही निमूट सही केली आणि संध्याकाळी नवं रोप आणून लावून दिलं.

अशा माणसाचं भाडं प्रमोदनं थकवलं. प्रमोद लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. अकरा वर्षं तो भाडं वेळेवर देत होता. मग त्यानं कर्ज काढून महागडा कॅमेरा घेतला, आणि त्याच सुमाराला लोक लग्नाच्या शूटिंगला पुण्या-नाशिकची पोरं बोलवायला लागले. पहिले दोन महिने प्रमोद आबांना भेटून अडचण सांगायचा. नंतर जिन्यावर आबांच्या चपला वाजल्या की आत जाऊ लागला. इकडे अक्कांचे गुडघे गेलेले. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला होता, आणि जिन्याशिवाय त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. खालच्या खोल्या मिळाल्या तरच त्यांचा जिना सुटणार होता. सकाळी एकदा धरून धरून खाली आणलं की त्या प्रमोदच्या आईपाशीच दुपार काढत. दोघी दाराशी बसून लसूण सोलत, मेथी निवडत. थकलेल्या भाड्याचा विषय दोघींपैकी कुणीही काढत नसे.

आबांचा एरंडोलचा पुतण्या एक दिवस दोन मित्रांना घेऊन आला. हातात नारळाएवढं कुलूप. "आबा, दोन मिनिटनं काम शे," तो म्हणाला. "बठ्ठं सामान बाहेर काढी टाकूत."

आबांनी त्याला आधी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आनि मंग कोर्टमा मी काय सांगू?"

पुतण्याला हा प्रश्न कळला नाही. तेव्हा आबांनी त्याला शाळेतल्यासारखं शिकवलं. आधी लेखी नोटीस द्यायची, थकलेलं भाडं मागायचं, पोच जपून ठेवायची. मग पूर्ण नव्वद दिवस थांबायचं. तेवढ्यात त्यानं पैसे दिले तर विषय संपला. नाही दिले तर दावा लावायचा. मधल्या काळात कुलूप लावायचं नाही, पाणी तोडायचं नाही, विजेला हात लावायचा नाही. लावला तर गुन्हेगार तो नाही, आपण. पुतण्या कुलूप घेऊन परत गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "भाडेकरूला नाही, यांनाच बाहेर काढायला पाहिजे."

वकिलाकडून लिहून घेतलेली नोटीस आबांनी रजिस्टर पोस्टानं पाठवली. स्वतःच्याच जिन्याखालच्या माणसाला. पोस्टमन म्हणाला, "आबा, हाक मारली असती तरी चाललं असतं." आबा म्हणाले, "हाकेची पोच मिळत नाही." प्रमोदनं सही करून पाकीट घेतलं, तेव्हा आबा वर कठड्याशी उभे होते आणि पाकीट त्यांनाच आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्या नव्वद दिवसांत प्रमोदच्या घरची जी बडदास्त आबांनी ठेवली, ती अकरा वर्षांत ठेवली नव्हती. ऐन मे महिन्यात पाण्याची मोटर जळाली. आबा भर उन्हात टँकर शोधत फिरले आणि पहिली टाकी खालची भरून घेतली. अक्का वरून म्हणाल्या, "अहो, आपल्या घरात प्यायला नाही."

"आपल्याला कुणी नोटीस दिलेली नाही," आबा म्हणाले. "त्याचं पाणी बंद पडलं तर मालकानं तोडलं असंच दिसेल."

एक्याण्णवाव्या दिवशी आबांनी वकिलाकडे जाऊन दाव्यावर सही केली. काही दिवसांनी समन्स घेऊन नवा तरणा बेलीफ आला. प्रमोद आतून हूं की चूं करेना. बेलीफ आबांकडे बघायला लागला, पण आबा म्हणाले, "मी वादी आहे, मला विचारू नका," आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी प्रमोदच्या आईनंच दार उघडलं. "घरमाच शे," ती म्हणाली, आणि आत वळून मुलाला म्हणाली, "ऊठ रे. कितला दिन लपशी?"

दुसऱ्या दिवशी प्रमोद वर आला. बऱ्याच महिन्यांनी तो आबांच्या समोर बसला होता. हातात तो कागद, आणि तो कसा वाचायचा हेच त्याला कळत नव्हतं. "आबा, मी आता काय करू?" त्यानं विचारलं. ज्यानं दावा लावला त्यालाच.

आबांनी चष्मा लावला आणि सांगू लागले. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळं थकलेलं भाडं, त्यावर पंधरा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर भाडं थकलं म्हणून कोर्ट घर खाली करायला सांगत नाही. दोनदा सांगितलं. मग त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

प्रमोद गेल्यावर मी न राहवून म्हणालो, "आबा, त्यानं खरंच पैसे भरले तर अक्का खाली कशा येणार?"

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "धुळ्याला एकदा ताबा घ्यायला गेलो. बाई भाकरी करत होती. म्हणाली, एवढी तव्यावरची होऊ द्या. मी थांबलो. मग तिनं तवा तसाच तापलेला फडक्यात गुंडाळला आणि निघाली. तिच्या नवऱ्याला समन्स मीच दिलं होतं. ते घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला होता, हा प्रमोद बघत होता तसाच. तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. माझं काम फक्त पोचवायचं होतं."

प्रमोदनं धडपड केली. कॅमेराही विकायला काढला, पण सगळी रक्कम जमेना. मुदत संपायच्या आधी तो पुन्हा वर आला आणि म्हणाला, "आबा, मी जागा सोडतो. तुम्ही माझं पाणी अडवलं नाही, मीही तुमची जागा अडवत नाही." कोर्टात तडजोड झाली. थकलेल्यापैकी निम्मं आबांनी सोडून दिलं, उरलेलं हप्त्यानं ठरलं. वरणगावला प्रमोदच्या मेव्हण्याचं दुकान होतं, तिथं त्याला काम मिळालं.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा आबांनी ताबापावती लिहिली. पंखे दोन, नळ तीन, किल्ल्या दोन. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं आलं नव्हतं. प्रमोदच्या आईनं अक्कांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आते तू खाले उनी, नि मी चालनू." त्याच संध्याकाळी अक्कांचा पलंग खाली आला. दुसऱ्या दिवसापासून त्या दाराशी एकट्याच लसूण सोलायला बसू लागल्या.

महिनाभरानं आबा मला म्हणाले, "रविवारी मोकळे असाल तर वरणगावला जाऊन येऊ. अक्कांना यायचंय." आम्ही गाडी ठरवून गेलो. प्रमोदचं घर गल्लीच्या टोकाला होतं. अक्का माझा हात धरून सरळ आत शिरल्या. आबा मात्र बाहेरच थांबले. खिसे चाचपले, हात मागे बांधले, पुन्हा सोडले. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "इतकी दारं वाजवली, पण हातात कागद नसताना काय म्हणायचं ते माहीत नाही."

तेवढ्यात प्रमोदची आई दारात आली. "आबा, बाहेर काब्र उभा शेतस? मझार या ना," ती म्हणाली.

आबांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि खाली मान घालून आत गेले.