वाटणीत राहिलेली हेला

हेला जन्मली ती हारानहून निघालेल्या टोळीत, मोठी नदी ओलांडल्यावर तिसऱ्या मुक्कामी. वय विचारलं की ती मुक्कामच मोजून दाखवायची. लग्न एला नावाच्या मोठ्या झाडांच्या मुक्कामी, मुलगा अबीदा झाला तो दुष्काळात मिसर देशाच्या वाटेवर, आणि नवरा गेला तो याच टेकडीवर, दोन पावसाळ्यांमागे. विहिरीवर इथल्या शहरातल्या कनानी बायका विचारत, "तुमचं गाव कुठलं गं, नदीपलीकडच्यांनो?"

"गाढवाच्या पाठीवर," म्हणत हेला घडा उचलायची.

यंदा गवत पुरेना. गुराखी हाणामारीवर आले, तेव्हा दीर यश्बोक आणि अबीदा यांनी शेरडं-मेंढरं वाटून घेतली. काकाला टेकडी, पुतण्याला दक्षिणेचं माळरान. बोलणी पुरुषांत झाली. हेलाला कुणी काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. आई मुलाबरोबर जाते, त्यात विचारायचं काय?

निघायच्या दिवशी उजाडताच तिनं आपल्या तंबूच्या खुंट्या उपटल्या. शेळीच्या केसांचं ते जडशीळ कापड एकटीनं गुंडाळलं, दळायचा दगड बांधला आणि गाढव आणायला गेली. तिथं अबीदा मान खाली घालून उभा होता.

"आई, तू काकांच्या वाट्याला आलीस."

"म्हणजे? मी शेळी आहे?"

"बाबांना इथं पुरलंय. त्यांच्या घरचं माणूस थडग्यापाशी राहायला हवं, नाहीतर उद्या शहरवाले म्हणतील, ही जागा आमची. काका म्हणाले..."

"काका म्हणाले. तू काय म्हणालास?"

अबीदा गाढवाचा पट्टा आवळू लागला. तो आधीच आवळलेला होता.

मागून यश्बोक म्हणाला, "वहिनी, इथं काय कमी पडणार आहे तुम्हाला?"

हेला मुलाकडे बघत थांबली. त्यानं काकाकडे एक शब्द टाकला असता तर पुरे होतं. तो पट्ट्यावरून नजर वर काढीना, तेव्हा ती परत फिरली आणि तिनं कापड पुन्हा उलगडलं.

तंबू उभा करायला दोघी लागतात. एकीनं खांब धरायचा, दुसरीनं दोऱ्या ताणायच्या. यश्बोककडच्या बायका पाण्याला गेल्या होत्या. तंबू तीनदा तिच्या अंगावर कोसळला. चौथ्यांदा सून तिम्ना गाढवावरून उतरून आली.

"सरका, आत्याबाई. तुमचा खांब नेहमी वाकडाच."

"तुझ्या माहेरच्यांसारखा ताठ कुठून येणार!"

तिम्नानं खांब धरला. हेला दगडानं खुंट्या ठोकत राहिली.

"मी बोलले होते ह्यांना," तिम्ना खालच्या आवाजात म्हणाली. "दोनदा."

हेलाचा हात थांबला नाही. "नीट धर. कलतोय."

तंबू उभा राहिला. तिम्ना गेली, अबीदाची टोळीही हलली. अबीदानं वळणावर मागं पाहिलं की नाही, ते धुळीत कळलं नाही.

नवऱ्याच्या थडग्यावर यश्बोकच्या दोन शेळ्या चढल्या होत्या. हेलानं त्यांना हाकललं आणि तिथल्याच एका दगडावर टेकली. "घ्या," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमची राखण माझ्या गळ्यात आली." ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं.