आमचं नेट अडकतं, मी सुद्धा

आमच्या सिंदीच्या घरी इंटरनेट खांबावरून येतं. खांबावरून शेजाऱ्यांच्या गच्चीवर, तिथून आमच्या पेरूच्या झाडावर एक झोका घेऊन खिडकीतून आत. खांबावर वायरला जिथे जोड आहे तिथे वायरवाल्याने दुधाची रिकामी पिशवी बांधून दिली आणि "आता काही होत नाई, काकू" असं सांगून गेला. पाऊस आला की त्या पिशवीत पाणी भरतं आणि राऊटरवरचा हिरवा दिवा लाल होतो. त्याला फोन केला तर म्हणतो, "पाऊस थांबू द्या ना काकू, आपोआप येते." आणि खरंच येतं. त्यामुळे धड रागावताही येत नाही.

खरं सांगायचं तर या लाल दिव्याचा मला फायदाच झाला आहे. नको त्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला की "पाऊस आहे, नेट जाऊन राह्यलं" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. इकडे अंगणात पापड कडकडीत वाळत असले तरी पुण्याच्या माणसाला सिंदीचं आभाळ थोडंच दिसतं?

नातीपुढे मात्र हे चाललं नाही.

नात हैदराबादला, माझ्या मुलीची मुलगी. तिथे आठव्या मजल्यावर भुलाबाई कोणाला ठाऊक असणार? म्हणून भादव्याच्या पौर्णिमेला मी इथे मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडले की महिनाभर रोज संध्याकाळी ती तिकडे मोबाइल मांडून बसते. गाणी झाली की मी खिरापतीचा बंद डबा तिच्यापुढे हलवते आणि आत काय आहे ते तिने नुसत्या आवाजावरून ओळखायचं. भुलाबाईची खरी मजा त्या डब्यात असते. मुरमुरे सळसळतात, शंकरपाळे खडखडतात, आणि शिरा मुकाट बसतो.

मागच्या वर्षी कोजागिरीला, म्हणजे भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, तिने सकाळीच पैज लावली. "आज मी ओळखलं तर तू दिवाळीले इकडे यायचं. नाई ओळखलं तर मी परत कधीच म्हणणार नाई."

दर वर्षी मी तिला एकच कारण सांगत आले होते : दिवाळीत घराला कुलूप लागत नाही, दिवे कोण लावेल? हा सासूबाईंचा नियम. त्या होत्या तोवर मी त्यावर कुरकुर करायची. त्या गेल्यावर तो मला फारच सोयीचा वाटू लागला. खरं कारण वेगळं होतं. मला लिफ्टची भीती वाटते. एवढ्या मोठ्या बाईने हे कोणाला सांगायचं?

तेव्हा जिंकणं भाग होतं. मी कापूस काढला.

हा डाव मी परकर घालायची तेव्हाचा. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजायची. घरात नवा कापूस येऊन पडला होता. त्यात फुटाणे घोळले आणि डबा गच्च भरला. डबा काही केल्या वाजेना. सगळ्या पोरी हरल्या आणि मी डबा डोक्यावर घेऊन अंगणभर नाचले. मग खिरापत वाटली, तर एकेका फुटाण्याला ही दाढी! पोरी थू थू करत घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे फिरकल्याच नाहीत. मग मी एकटीच गायची, एकटीच डबा वाजवायची आणि एकटीच ओळखायची. रोज जिंकायची. अशी ती बावळट!

या वेळी कापूस आणि फुटाण्यांच्या मध्ये फडकं घातलं. एवढी अक्कल वयाने आली आहे.

संध्याकाळी आभाळ भरलं होतं, पाऊस भुरभुरायला लागला होता. गाणी झाली, मी डबा हलवला.

"आजी, वाजव ना!"

"वाजवून तर राह्यली वं. नेटचं काही खरं नाई आज, पाऊस आहे."

"शिरा?"

"नाई."

"पेढे?"

"नाई. आता एकच डाव राह्यला तुह्या."

तिने डोळे बारीक केले. मग हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी अडकले. हात वर, हातात डबा, तोंड अर्धं उघडं, पापणीसुद्धा हलवली नाही. नेट गेल्यावर माणसं दिसतात तशी हुबेहूब.

"आजी? आई, आजी अडकली!"

मी तशीच.

"आजी," पोट्टी हळूच म्हणाली, "आबा तुह्या मागून बादली घेऊन चालले. ते काऊन नाई अडकले?"

मला हसू फुटलं, डबा मांडीवर पडला. आणि नेमकी त्याच वेळी बाहेर वीज कडाडली, राऊटरचा दिवा लाल झाला आणि समोर नात अडकली. तोंड उघडं, बोट माझ्याकडे रोखलेलं.

आता आली का पंचाईत! तिचं उत्तर मी ऐकलंच नव्हतं. गप्प बसले असते तर रात्र निघून गेली असती, भुलाबाई संपली असती आणि पैजही. पण ती तिकडे काय समजत असेल? आजी अजून नाटकच करून राह्यली. मला ते सोसेना. मी साधा फोन लावला.

"हे खरोखर गेलं वं."

"आबाले दे," ती म्हणाली.

आबांनी, म्हणजे आमच्या यांनी, साक्ष दिली, "हाव, लाल दिवा आहे." मग फोन परत माझ्याकडे आला.

"फुटाणे!" ती ओरडली. "वाजला नाई म्हणजे कापूस, अन् कापूस म्हणजे फुटाणे. तूच तर सांगितलं होतं मले."

सांगितलं होतं खरं. त्या बावळट पोरीवर हसण्याच्या भरात मी आपलाच डाव फोडून बसले होते.

"बरोबर," मी म्हटलं. मग जरा आवाज उतरवून विचारलं, "लिफ्टमधे माह्या हात धरशील?"

"धरतो ना. पण तिथं अडकल्याचं नाटक नाई करायचं."

फोन ठेवला आणि मी यांच्याकडे वळले. "तुम्हाले नेमकं तेव्हाच माह्या मागून जायचं होतं?"

"छत गळून राह्यलं होतं."

"छत तर सैपाकघरातलं गळते. अन् तुम्ही चालले होते दाराकडे."

हे डबा उघडून फुटाणे खात बसले होते. एक फुटाणा दिव्यापुढे धरून त्यांनी नीट पाहिला. दाढी नव्हती.

"दिवाळीच्या दिव्यांचं मी शेजारच्या सूनबाईले सकाळीच सांगून ठेवलं," ते म्हणाले.